फकीर मिस्त्रींचे दोन नवे क्रॉस

धाराशिवात फकीर मिस्त्रींना ओळखत नाही असा एक गाडीवाला नव्हता, आणि त्यांच्या दारात घडीभर टेकायला जाईल असाही एक माणूस नव्हता. गाडी बंद पडली की सगळे 'मिस्त्री, मिस्त्री' करत धावायचे. चालू झाली की धुरळा उडवून निघून जायचे. त्या धुरळ्यात मिस्त्री हात पुसत उभे. हे मी इतक्यांदा बघितलं की अजून आठवलं तरी डोकं तापतं. मिस्त्री गेले त्याला वर्ष होत आलं. गावात त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणून मी लिहितो.

तुळजापूर नाक्याच्या अलीकडं एका बाभळीला बांधलेल्या चार पत्र्यांखाली त्यांचं काम चालायचं. जमिनीत खणलेला खड्डा, त्यावर गाडी उभी करायची आणि खाली शिरायचं. एक शेगडा, एक जुनी पेटी, एवढंच सामान. बाप नालबंद होता, निजामाच्या घोडेस्वार पोलिसांच्या घोड्यांना नाल मारायचा. मिस्त्री सांगायचे, "घोडा नुसता चालत जाऊ दे, अब्बा डोळे मिटून सांगायचे कंचा पाय दुखतोय." पोराच्या वेळेपर्यंत घोडे सरले, मोटारी आल्या. पोरगा सरकारी मोटार खात्यात फिटर झाला. पण कान बापाचेच. गाडी दुरुस्त झाली की ते ड्रायव्हरशेजारी बसायचे नाहीत. मागं हौद्यात चढायचे, फळीला कान लावून आडवे व्हायचे आणि ओरडायचे, "सोड आता!" रस्त्यानं बघणाऱ्याला वाटायचं, मढं चाललंय. लोक हसायचे. मिस्त्री ऐकत असायचे, पण लोकांचं नव्हे.

पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसला, सगळं फिरलं. रझाकारांनी काय केलं ते मी विसरलेलो नाही, त्यांच्या काठ्या माझ्या पाठीनं खाल्ल्यात. पण त्यांचा सूड ज्यांनी आयुष्यात पान्याशिवाय हातात काही न धरलेल्या मुसलमानांवर उगवला, त्यांनाही मी विसरलेलो नाही. दोन्ही लिहितो. ज्याला झोंबेल त्यानं झोंबून घ्यावं.

मिस्त्रींच्या शेजारी द्वारकाबाई राहायची. नवरा ज्ञानोबा, बैलगाडी हाकायचा. त्या धामधुमीत द्वारकाबाईनं मिस्त्रींच्या बायकोला, हमिदाबीला, आपलं लुगडं नेसवलं, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि लेकीसकट ज्ञानोबाच्या कडबा भरलेल्या गाडीतून सोलापूरला हमिदाबीच्याच भावाकडं पोचवलं. मिस्त्री कडब्याच्या गंजीत लपून राहिले. सगळं निवल्यावर बाहेर आले, तर गल्लीतल्या निम्म्या दारांना कुलपं. काहींच्या कुलपांना किल्ली लावायला पुन्हा कुणी आलंच नाही. खात्यातली नोकरी गेली. बायको सोलापुरात राहिली ती राहिलीच. लेकीचं लग्न तिकडंच झालं, नातवंडं तिकडंच झाली. ईदेला मिस्त्री जायचे, एक रात्र काढून परत यायचे.

मी एकदा विचारलं, "तुमीच का न्हाई जात ऱ्हायला? सोलापुरात काय गाड्या कमी हायेत?"

"गेलो तर त्यांचंच खरं झालं की, लीडर," ते म्हणाले. मला ते लीडर म्हणायचे, निम्मं कौतुकानं, निम्मं टोमण्यानं. "ते म्हनत हुते, तुमचं हितं काय हाय? माझं हितं घर हाय. बापाची कबर हाय. मी न्हाय जात."

म्हणून एकटे राहिले. भाकरी स्वतः थापायचे, ती एका बाजूनं कच्ची आणि एका बाजूनं कोळसा. गाडीखाली शिरले की गाडीशी बोलायचे. मी कानानं ऐकलंय, "अगं बाई, एवढं का आखडलीस? जरा सैल सोड की." पहिल्यांदा मला हसू आलं होतं. पुढं येईना.

सत्तावन्न साली मी गिरणी कामगारांच्या सभेला सोलापूरला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून हमिदाबीकडं गेलो. अंगणात बायकांच्या घोळक्यात बसून बिड्या वळत होत्या. मी माझ्या नेहमीच्या आवाजात सुरू केलं, "भाबी, आता दिवस बदलले. आपलं राज्य आलंय. कुनाची हिंमत हाय तुमच्याकडं डोळा वर करून बघायची? चला धाराशिवाला."

त्या कात्रीनं पान कापत म्हणाल्या, "तुमचं राज्य कधी आलं ते बिड्या वळताना काय कळलं न्हाय, भाऊ. पर येते मी."

 एवढ्या लवकर कुणी माझं ऐकत नाही.

"एक आइका. ज्या रस्त्यानं दुसरीचं लुगडं नेसून, कडब्यात तोंड खुपसून गेले, त्याच रस्त्यानं येईन. पर माझ्या कपड्यात. गाडीच्या फुडच्या सीटवर बसून. येष्टीत कोपऱ्यात अंग चोरून न्हाय. सारं गाव त्यास्नी मिस्त्री म्हनतं न्हवं? एक गाडी आनू द्या म्हनावं."

हा निरोप घेऊन मी आलो तेव्हा मिस्त्री खड्ड्यात होते. ऐकल्यावर हळूहळू वर आले, चिंधीला हात पुसत राहिले.

"फुडच्या सीटवर म्हनली?"

"व्हय."

"हसून म्हनली का रागानं?"

"बिडीला दोरा बांधत म्हनल्या."

"मंग येनार," मिस्त्री म्हणाले. "मनात न्हाय ते बोलताना तिचा हात थांबतो."

आता गाडी. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या करणाऱ्या माणसाकडं स्वतःची सायकल नव्हती. तुळजापूरचे महालिंगप्पा, देवीच्या वाटेवर नारळ-कुंकवाचं मोठं दुकान, त्यांच्याकडं लढाईनंतरच्या लष्करी लिलावात घेतलेली एक पिकप होती. सोलापूरहून माल आणायची. अप्पा माझ्या ओळखीचे; सभेला भोंगा बांधून फिरायला मी ती गाडी नेत असे. त्यांना जाऊन सांगितलं.

"न्या की," अप्पा म्हणाले. "पर आधी तिचा खडखडाट काढा यप्पा. आत बसलं की मागचं बोलनं फुडच्याला आइकू येत न्हाई. नारळं आपसूक फुटतेत."

मिस्त्री हौद्यात आडवे झाले. मी गाडी हाकली. पहिला गिअर टाकून सोडलं की बुडाखाली खट्ट. थांबून मागं घेतली की पुन्हा खट्ट. जरा वेग धरला की सगळी गाडी हिवताप आल्यासारखी थरथर, आणि चाकं सावकाश फिरत असली की चिमणीसारखी चिवचिव. मिस्त्री उठले, दाढीत नारळाच्या शेंड्या अडकलेल्या. "दोन्ही क्रॉस गेले," म्हणाले.

इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा एक लांब पोकळ दांडा गाडीच्या पोटाखाली असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. चाकं खड्ड्यात गेली की मागचं धूड खाली-वर होणार. दांडा ताठ असता तर पहिल्या खड्ड्यातच मोडला असता. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस बसवतात. अधिकच्या खुणेसारखा चार हातांचा लोखंडी तुकडा. प्रत्येक हातावर एक टोपी आणि टोपीच्या आत गोलाकार उभ्या बारीक बारीक सुया. त्या सुयांवर तो हात फिरतो, म्हणून दांडा फिरता फिरता वाकू शकतो. सुया झिजल्या की हात टोपीत खिळखिळा होतो आणि गाडी बोंबलायला लागते.

मिस्त्रींनी चाकांना दगड लावले. शाफ्ट सोडायच्या आधी छिन्नीनं जोडावर खूण केली. शाफ्टचे दोन तुकडे दातांत दात बसून एकात एक सरकणारे असतात, ते होते तसेच बसले पाहिजेत. एक दात इकडचा तिकडं झाला तरी नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरत राहते. मग शाफ्ट खाली घेतला, टोपीला अडवणाऱ्या कड्या पकडीनं काढल्या, खाली पाइपाचा तुकडा ठेवून वरून हातोडीचे हलके टोले घातले. टोपी बाहेर आली. सुया कुठल्या? आतून लाल भुकटी सांडली, अगदी अप्पांच्या दुकानातल्या कुंकवासारखी.

अप्पा गाडीबरोबर धाराशिवाला आले होते, बघत होते. "फिरवून बसवा की, मिस्त्री. आपल्याकडं समदे फिरवतेत."

खरं होतं ते. गाडी पुढं ओढते तेव्हा क्रॉसच्या हातांची एकच बाजू घासते. नवा क्रॉस मिळायची मारामार, म्हणून मिस्त्री लोक जुनाच पाव वळसा फिरवून बसवायचे, न झिजलेली बाजू ओढीला द्यायचे. आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या गाड्या अशा फिरवलेल्या क्रॉसवर चालायच्या. राज्य चालवणाऱ्यांनीही हीच युक्ती उचललेली दिसते, जुनेच पाव वळसा फिरवून बसवलेत; पण ते असो.

"हे मागंच फिरवलेत, अप्पा. ह्यास्नी आता फिरायला बाजू ऱ्हायली न्हाय."

"मंग टोपीत पत्रा घाला. बिस्किटाच्या डब्याचा."

"नारळं आनायची असती तर घातला असता," मिस्त्री म्हणाले आणि शाफ्ट उचलून बाभळीला उभा केला.

नवे क्रॉस सोलापुरात मिळाले नाहीत. पुण्याला सांगावा धाडला. आठवडे गेले. बाईचं मन, आज हो म्हणते, उद्या काय म्हणेल, या धास्तीनं मीच तडफडत होतो. एक दिवस भडकलोच. "अहो, बायको आनायचीय का गव्हर्नर? घाला तो पत्रा आन् चला! जातायेताची तर गोष्ट हाय."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "ज्ञानोबाच्या गाडीचं चाक करकरत हुतं. वंगन घालायला कुनाला टाइम हुता? सोलापूरपातुर समदी वाट ते चाक करकरलं. कडब्यात पडून हमिदा तेच आइकत हुती. आवाज आइकून कोन यील, आता यील, मंग यील. अजून झोपेत दचकती. ईदेला गेलो की बघतो न्हवं मी." त्यांनी शाफ्टवरून हात फिरवला. "गाडी वाजली न्हाय पायजे, लीडर."

पुढं मी तो विषय काढला नाही.

क्रॉस आले ते एस.टी.च्या महारुद्र ड्रायव्हरच्या हाती, तेलकट कागदात गुंडाळलेले. मिस्त्रींनी ते आधी नुसते हातात धरून पाहिले. मग टोप्यांत ग्रीस भरलं. ग्रीसनंच सुया भिंतीला चिकटून उभ्या राहतात. क्रॉस शाफ्टच्या टोकाच्या दोन कानांत घातला, दोन्हीकडून टोप्या सारत आणल्या. तिसरी टोपी शेवटचं केसभर आत जाईना, कडी बसेना. दुसरा कुणी असता तर हातोडी हाणून मोकळा झाला असता. मिस्त्रींनी सगळं परत बाहेर काढलं. एक सुई आडवी होऊन टोपीच्या बुडाशी पडली होती. तिला नखानं उचलून उभी केली. "एकच पडली हुती," म्हणाले, "पर तिच्यापायी बाकीच्या मेल्या असत्या."

शाफ्ट चढवला, खुणेला खूण लावली, बोल्ट आवळले. मग तुळजापूरच्या घाटात चाचणी. मी गाडी हाकत होतो, मिस्त्री मागं आडवे. घाट उतरून पुन्हा वर आलो तरी उठेनात. थांबवून बघितलं, तर डोळे टक्क उघडे.

"काय आइकताय एवढं?"

"कायबी न्हाय," मिस्त्री म्हणाले, आणि मी त्यांना ओळखत असल्यापासून पहिल्यांदा खदखदून हसले. "कायबी आइकू येईना!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. मिस्त्रींनी दाढी कोरली होती, पांढरा सदरा घातला होता, पण नखांतलं ग्रीस कुठं जातंय. सोलापुरात हमिदाबी तयारच बसल्या होत्या. नवी हिरवी साडी, डोक्यावरून पांढरी ओढणी, गळ्यात मुसलमान सवाशिणी घालतात तो काळ्या पोतीचा लच्छा. लेक रडली. शेजारणी गाडीपर्यंत आल्या. "जाव बेटी, अपने घर जाव," एक म्हातारी म्हणाली. हमिदाबी पुढच्या सीटवर चढून बसल्या, मिस्त्री स्टिअरिंगवर, मी मागं हौद्यात. मागच्या खिडकीला काच नव्हती, पोतं टांगलेलं. ते मी बाजूला केलं. म्हणालो, बघू तरी काय बोलतात.

काही बोलेनात. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी चालली होती. शहर मागं पडलं, ज्वारीची रानं लागली. त्या बिनआवाजाच्या गाडीत दोन माणसं एवढ्या वर्षांची रिकामी जागा घेऊन बसली होती. खडखडाट असता तर निदान ओरडून काहीतरी विचारावं लागलं असतं. एकदा मिस्त्री म्हणाले, "हवा लागती का?" त्या म्हणाल्या, "न्हाय." बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "आवाज न्हाय येत." मिस्त्री म्हणाले, "न्हाय येत." एवढंच. पण त्यांच्या मानेवरून मला कळलं, माणूस खूश आहे.

तामलवाडीला पाणी घालायला थांबलो. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. विहिरीवरची एक म्हातारी तांब्या भरून खिडकीपाशी आली. बाईमाणूस दिसली म्हणून आली, दुसरं काही नाही. "घ्या बाई, ऊन लई हाय. कुन्या गावच्या म्हनायच्या? नाव काय तुमचं?"

हमिदाबी पाणी प्यायल्या, तांब्या परत केला आणि म्हणाल्या, "सत्यभामा."

म्हातारीनं ओढणीकडं बघितलं, लच्छ्याकडं बघितलं. "बरं, बरं," म्हणाली आणि तांब्या घेऊन गेली. मला काही उमगेना. पण बॉनेटपाशी मिस्त्रींच्या हातातला डबा तिरका झाला होता आणि पाणी रेडिएटरऐवजी मातीत चाललं होतं.

हमिदाबी खाली उतरल्या. पदर तोंडाशी धरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, नवऱ्याला नव्हे, "तवा हितंच गाडी अडवली हुती, भाऊ. काठ्या घेतलेले लोक. द्वारकानं घोकून घेतलं हुतं, कुनी इचारलं तर सत्यभामा म्हन. म्हनले. सोडलं." रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "आज कुनी अडवलं न्हाय. काठी न्हाय, काय न्हाय. म्हातारीनं पानी दिलं. तरी तेच आलं तोंडातनं."

"भाबी, मी सांगतो ना," माझा आवाज चढला, "धाराशिवात कुनी एक शब्द काढू द्या, मी त्याला…"

"तुमी कुनाकुनाला बघनार? दुसऱ्याचं न्हाय, मी माझ्या तोंडाचं सांगते."



मग त्या मिस्त्रींकडं वळल्या. "गाडी चांगली केली तुमी. लई चांगली. पर तिथं दारावर कुनी थाप मारली की मी रोज कोन व्हऊ? आन् बसू कुनाच्यात? गल्लीत कुलपं हायेत. तिकडं नातवंडं मला बिडीवाली नानी म्हनत्यात." आणि हळू आवाजात, आपल्या घरच्या बोलीत, "तुम बी चलो ना उधर."

मिस्त्री मातीतल्या ओलीकडं बघत होते. त्यांना 'हो' म्हणता आलं असतं. मी हौद्याची फळी धरून उभा होतो, मलाही वाटलं, म्हणा की हो, मरू दे ते गाव. ते म्हणाले, "मी न्हाय सोडत, हमिदा." रागानं नाही. ज्याला उचलून दुसरीकडं ठेवता येत नाही अशा वस्तूबद्दल बोलावं तसं.

"मालूम है," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी बॉनेट लावलं, त्यांच्यासाठी दार उघडलं, पुढच्या सीटचं, आणि गाडी सोलापूरकडं वळवली. पोतं मी खिडकीवर परत सोडलं. आत काय बोलले, बोलले की नाही, मला ठाऊक नाही.

परतताना मी पुढं बसलो. तुळजापुरात अप्पा दुकानाच्या पायरीवर हात हलवत उभे होते. मिस्त्री थांबले नाहीत.

धाराशिवात गल्लीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. मिस्त्रींच्या दारापुढं शेणानं सारवलेलं. त्यांना ते माहीतही नव्हतं. सकाळी आम्ही निघाल्यावर द्वारकाबाईनं केलेलं. ती स्वतः दारात उभी, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. आमच्याकडं लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, वाटेवरचं काही मागं लागलं असेल तर तिथंच राहावं म्हणून. तिनं गाडीत वाकून बघितलं. पुढच्या सीटवर मी.

"आं? हमिदा कुठाय?"

"बरी हाय," मिस्त्री म्हणाले. "येत न्हाय."

द्वारकाबाईनं हातातला तांब्या सावरला.  "उतरा खाली."

"ऱ्हाऊ द्या, बाई."

"उतरा म्हनते न्हवं. तुमी तरी आलासा की."

मिस्त्री उतरले. बाई बुटकी. तिचा हात पोचावा म्हणून त्यांनी मान खाली घातली. तिनं तीनदा तुकडा ओवाळला, डोळ्यांना पाणी लावलं. तुकडा फेकायला हात मागं घेतला तेव्हा मिस्त्री ओशाळून म्हणाले, "टाकू नगा, बाई. घरात आज काय करून ठिवलं न्हाय मी. वाटलं, ती करील."

"गप बसा. ही खायची नसती," द्वारकाबाई खेकसली आणि तुकडा लांब भिरकावला. "थापते दुसरी. तवर हात धुवा."

ती पदर खोचून आत गेली. थोड्या वेळानं तिच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मिस्त्री किल्ली हातात घेऊन आपल्या दारापाशी उभे होते. कुलूप उघडायची त्यांना काही घाई नव्हती.